बाजाराच्या आदल्या रात्रीपासून

उन्हाळ्यात पालेभाजी टिकवायची तर आठवडी बाजाराच्या आदल्या रात्रीच फ्रिजचा खालचा खण रिकामा करून कोरडा पुसून ठेवा. जुन्या सुती साडीचे चार-पाच तुकडे धुऊन वाळवून हाताशी असू द्या. वर्तमानपत्र नको, ओल्या पानांना शाई लागते. सकाळी कापडी पिशवी घेऊन आठच्या आत निघा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, अकराला घेतलेली मेथी घरी येईपर्यंत मान टाकते.

भाजीवाल्या मावशी जुड्यांवर सारखं पाणी मारतात. एवढ्या उन्हात त्यांनाही दुसरा इलाज नाही, पण ती ओली जुडी तशीच फ्रिजमध्ये गेली की दोन दिवसांत मधली पानं काळी, चिकट. म्हणून घरी आल्याबरोबर बांधणी सोडा. एकदा जुडीच्या पोटात बोटं घालून बघा: वरून गार, आत चक्क कोमट. तोडलेली भाजीही श्वास घेत असते, गच्च बांधली की आतल्या आत तापते.

आता ती चटईवर मोकळी पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. कूलरसमोर नाही! त्याची हवा दमट, पाणी सुकतच नाही. (मी दोन उन्हाळे हेच करत होते.) तेवढ्यात पिवळी, सडकी पानं काढा, मातीची मुळं कापा. धुणं आणि चिरणं रांधायच्या वेळी. मग कापडात सैल गुंडाळून डब्यात. कापड ओलं लागलं की बदलायचं.

कोथिंबीर मात्र मुळांसकट दोन बोटं पाण्याच्या ग्लासात उभी, वरून सैल पिशवी, पाणी दिवसाआड बदलायचं. आठवडा सहज निघतो. पालक आणि पोकळा पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवा, मेथी त्यानंतर.

आणि केळी! आपल्याकडे घरात केळी नाहीत असं सहसा होत नाही. पिकताना ती इथिलीन वायू सोडतात आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. टोमॅटोचंही तेच. दोन्ही त्या खणापासून लांब.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका, एवढंच.

हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी सावलीत कुरकुरीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरली असेल, तर मेमध्ये बाजार चुकला तरी चालतं. माझा अर्धा डबा शिल्लक आहे. रविवारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी करणार आहे, तेव्हा लसूण-मिरचीची फोडणी देऊन तोच काढेन.