कुत्रं मागे लागलं तर सायकल थांबवा

इंदूरहून पहाटे सिमरोलकडे किंवा महूकडे सायकलने निघालात, की एखाद्या ढाब्यासमोर कुत्री अंगावर येणारच. पहिली ऊर्मी जोरात पायडल मारण्याची होते. चढावर तसं करू नका. कुत्रं धावत्या वस्तूमागे लागतं. वस्तू थांबली की बहुतेकांचा आवेश ओसरतो. म्हणून वेग कमी करा, उतरा, सायकल कुत्रं आणि तुमच्यामध्ये आडवी धरा आणि ठाम आवाजात "हट!" म्हणा. मग त्याच्याकडे पाठ न करता, सायकल हातात धरून त्याची हद्द चालत ओलांडा. लाथ मात्र कधीच मारू नका, तोल जाऊन मागच्या ट्रकसमोर पडाल.

दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर उपचार जवळजवळ नसतोच, म्हणून मी हे इतकं कळवळून सांगतेय.

नीलगाय अनेकदा एकटी नसते; एक रस्ता ओलांडताना दिसली की मागून आणखी येतेय का, हे थांबून बघा.

बाइकवाला शेजारी येऊन "कितने की है?" विचारत राहिला, तर चालत्या सायकलवर गप्पा नकोत. "भैया, आगे निकलो" म्हणा. नाहीच गेला, तर चहा-पोह्याच्या पहिल्या गर्दीच्या टपरीवर थांबा आणि घरी फोन लावा.