गवत बुडातून पाहा, मग ढोरं सोडा

मिरगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत ई-क्लास, म्हणजे गावाची सरकारी चराई जमीन, हिरवं दिसायला लागते आणि उन्हाळाभर कुटारावर काढलेली ढोरं लगेच तिकडे सुटतात. गवताचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होते. ते काऊन होते हे पाहायचं असेल तर एक ठोंब मुळासकट उपटा, माती झटका आणि बुड नीट पाहा.

शेडा, मारवेल ही आपल्याकडची चांगली गवतं एकदा लागली की वर्षानुवर्षं राहणारी. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळते पण बुडाशी डोळे जिवंत राहतात, आणि खोडाच्या बुडात अन् मुळांत थोडं अन्न साठवलेलं राहते, पहिल्या पावसाची पानं त्याच साठ्यावर फुटतात, म्हणजे उधारीवरच म्हणा. पानं मोठी झाली की मगच ती स्वतः अन्न बनवून मुळांना परत देतात. त्याआधीच ढोरांनी ती खाल्ली तर ठोंब पुन्हा साठ्यातून काढते, पुन्हा खाल्ली की पुन्हा, आणि असं दरवर्षी चाललं की ठोंब मरून जाते. मग त्या जागी तरोटा येतो, ज्याला ढोरं तोंडही लावत नाहीत.

आता एक फुटवा, म्हणजे ठोंबातली एक काडी, ब्लेडनं उभा चिरा. सुरुवातीला वाढीचा कोंब अगदी जमिनीलगत, पानांच्या गुंडाळीत लपलेला सापडेल. पान वाढते तेही बुडातून, टोकातून नाही, म्हणून गायीनं वरचं टोक खाल्लं तरी खालून पान सरकत वर येते. नवे फुटवे बुडाशीच निघतात आणि पुढे प्रत्येकाला आपली मुळं येतात. ठोंब दाट होते ते यानंच, उंचीनं नाही.

पुढे पावसाळा सरत येतो, दिवस लहान होतात, मग फुटवे कांड्यावर येतात, पोटरी धरतात (आत तुरा फुगतो), तुरा निघतो. कोंब आता वर चढलेला राहते. तो दाताखाली किंवा विळ्याखाली गेला की त्या फुटव्याची वाढ संपली, नवीन जे यायचं ते बुडाच्या डोळ्यातून, आणि जमिनीत ओल असली तरच.

म्हणून मारवेल-शेड्यासारखं गवत गुडघ्याच्या आसपास येईस्तोवर थांबा, आणि वीतभर उरलं की ढोरं बाहेर काढा. अर्धं खाऊ द्यायचं, अर्धं ठेवायचं. अमेरिकेत क्रायडर नावाच्या संशोधकानं 1955 मध्ये हेच मांडलं होतं, निम्म्याहून जास्त पाला एकदम काढला की मुळांची वाढ थांबायला लागते, आणि 80 टक्के काढला तर ती जवळपास 12 दिवस बंद. आपल्या मुरमाड बरड जमिनीत मुळं थांबणं म्हणजे ऑगस्टच्या उघडिपीत गवत करपणं. गावानं ठरवून ई-क्लासचे तीन-चार भाग पाडले आणि गायकीला (गुराख्याला) फिरवून चारायला सांगितलं तर हे जमते. एक भाग बी गळेस्तोवर पूर्ण बंद ठेवा, दरसाल वेगळा.

कापायचं असेल तर फुलोऱ्यात कापा. दिवाळीनंतर पिवळं झालेलं गवत ढिगानं दिसते खरं पण त्यातलं प्रोटीन उतरलेलं राहते आणि काडी कडक झालेली. पावसाची भीती आहे हे मान्य, तरी दोन-तीन दिवस ऊन पडेलसं दिसलं की विळा चालवा. कुसळी तर कुसळं कडक व्हायच्या आधीच, नाहीतर जनावराच्या तोंडात रुततात.

जिथं ठोंबं विरळ झालीत तिथं आधी तरोटा फुलावर यायच्या आत उपटा, मग पाऊस लागून असताना मारवेलचे मुळंवाले ठोंब लावा आणि मधात स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरा. स्टायलोच्या बियाचं कवच कडक असते, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सुकवा, आणि खोल टाकू नका, एक सेंटिमीटर माती बस झाली.