बारावी झाली, आता कॉलेजचं पहिलं वर्ष कसं काढायचं: खेड्यावरून येणाऱ्या पोरापोरींसाठी

जून-जुलै आला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ऑफिसच्या खिडकीसमोर दरवर्षी सारखीच गर्दी असते, हातात प्लास्टिकची फाईल, सोबत बाबा नाहीतर मोठा भाऊ, अन् सगळ्यांचं एकच चालू असते की आता कोणाले विचारावं. मी तिथे सीएचबीवर शिकवतो, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे, पण पोरांना त्याचं काय, खिडकी बंद दिसली की ते मलाच धरतात. दरवर्षी तेच तेच सांगा लागते म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठा फरक अभ्यासाचा नाहीच आहे. शाळेत, अन् ज्युनिअर कॉलेजात पण, सर लोक तुमच्या मागे लागायचे, फॉर्म भरला का, फोटो आणला का, सही राहिली, उद्या बापाला घेऊन ये. इथे कोणी मागे लागत नाही. नोटीस लागते, मुदत संपते, अन् तुम्ही खिडकीवर गेले की आतला बाबू म्हणते "नोटीस वाचली नाही का बाप्पा?", विषय संपला. त्याच्यावर चिडून काही होत नाही, त्याच्याकडे तुमच्यासारखे शेकड्याने आहेत. म्हणून पहिली सवय ही लावा की कॉलेजात शिरलं की वर्गात जायच्या आधी नोटीस बोर्डासमोरून जायचं, नवीन कागद दिसला की पूर्ण फोटो काढायचा, खालची तारीख अन् सही आली पाहिजे, अर्धा फोटो काही कामाचा नाही.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असते, त्याच्यात राहा, पण त्याच्यावर विसंबू नका. परीक्षेच्या दिवसात "पेपर पुढे ढकलला" असा मेसेज हमखास फिरते, अन् कधी कधी तो खरा पण असते, फक्त तुमच्या विद्यापीठाचा नसते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात, अन् चंद्रपूर-गडचिरोलीचं २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. आता वणीचा पोरगा अमरावती विद्यापीठाचा अन् त्याचा वरोऱ्याचा मामेभाऊ गोंडवानाचा, मामेभावाने भोळेपणाने फॉरवर्ड केलं अन् इथे अर्धा वर्ग घरी झोपला, असं होते. मेसेजवर विद्यापीठाचं नाव अन् परिपत्रकाचा नंबर बघा, नसेल तर विद्यापीठाच्या वेबसाईटवर जाऊन बघा, ते पण जमत नसेल तर सरळ पेपरला जाऊन बसा, नुकसान काही होत नाही.

आता कागदपत्रं. इथे जरा जास्त वेळ घेतो कारण खेड्यावरच्या पोरांचं अर्धं पहिलं वर्ष ह्याच्यातच जाते. आधी तुमचं नाव बघा. दहावीची मार्कशीट, टीसी, आधार अन् बँकेचं पासबुक चारही शेजारी ठेवा अन् एक एक अक्षर जुळवा. मार्कशीटवर बाबांचं नाव गजानन अन् आधारवर गजाननराव, इकडे आडनाव आधी तिकडे शेवटी, जन्मतारीख शाळेत एक अन् आधारवर १ जानेवारी, हे सगळं आमच्याकडे रोज येते. एक दिवस कोणीतरी सॉफ्टवेअर हे पकडते अन् तो दिवस नेमका शेवटच्या तारखेचा असते. आता कॉलेजात एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) मागतात, १२ आकडी असते, डिजिलॉकरवरून फुकटात निघते, तुमचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे गुणांक, त्याच्यात जमा होतात, तर तो आयडी काढताना नाव, जन्मतारीख जुळली नाही की गाडी तिथेच अडकते. दुरुस्ती सहसा आधारमध्येच करा, मार्कशीट बदलायला बोर्डाचे खेटे घ्या लागतात.

आधारला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे ते पण बघा. पाचवीत असताना आधार काढलं तेव्हा काकाचा नंबर टाकला होता, ते सिम आता कोणाकडेच नाही, अन् ओटीपी त्याच्यावर चालला. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवरचा फॉर्म भरताना हा ओटीपी लागते. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या, अन् हे अ‍ॅडमिशनच्या गर्दीत करू नका, निकाल लागायच्या आधीच करून ठेवा.

स्कॉलरशिपचं अजून एक लक्षात घ्या, पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, तुमचं आधार ज्या बँकेशी जोडलेलं आहे तिथे जातात. अन् आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहते, म्हणजे मधात तुम्ही पोस्टाच्या बँकेत नवीन खातं काढलं अन् तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे चालले, अन् तुम्ही इकडे जुनं पासबुक छापून छापून बँकवाल्याला शिव्या देऊन राहिले. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून असते, तिथे दोन मिनिटात दिसते कोणती बँक आहे ती. सेतूवाल्याकडून फॉर्म भरला तर युजरनेम अन् पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्याच, तो दुकानदार हजार पोरांचे फॉर्म भरते, त्याला तुमचा पासवर्ड आठवत नाही. अन् भरला म्हणजे झालं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जाते, काही कमी असलं तर तुमच्याकडे परत पाठवतात अन् तसाच पडून राहते, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी उघडून स्टेटस बघा. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करा लागते, आपोआप होत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागते, एक वर्षाचा आहे की तीन वर्षांचा ते बघून घ्या. एससी-एसटीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे, अन् ओपनवाल्यांना वाटते आपल्याला काहीच नाही, तर त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिथे मर्यादा ८ लाख. इंजिनिअरिंग, फार्मसी अशा कोर्सला सरकारी कॅप राऊंडमधून (एकत्रित प्रवेश फेरीतून) गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीच्या मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे. जात वैधतेचं ज्यांना लागणार आहे त्यांनी आतापासून आजोबा-पणजोबाचा कागद शोधायला लागा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागते. आपल्याकडे कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीच्या वहीची) नक्कल कामात येते अन् आजोबाच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा की आबा तुम्ही कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, पुष्कळदा ते गाव वेगळंच निघते.

बरं, अभ्यासाचं. आपल्याकडच्या कॉलेजात २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू आहे, त्याच्यामुळे दादा-ताईने सांगितलेलं अर्धं आता चालत नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय असते, मायनर म्हणजे जोडीचा विषय असते, दुसऱ्याच शाखेचा एक ओपन इलेक्टिव्ह घ्या लागते, स्किलचे छोटे कोर्स वेगळे. एका सेमला साधारण २० ते २२ क्रेडिट, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा असला तर ३०. तीन वर्षांत डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण मायनर घेताना मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. तो विषय शिकवायला कॉलेजात माणूस आहे का हे आधी बघा. मी स्वतः सीएचबीवाला आहे म्हणून सांगतो, काही विषयाला ऑगस्ट संपला तरी मास्तर मिळालेला नसते, अन् सिलॅबस तर परीक्षेपर्यंत पूर्ण व्हायचाच असते.

विद्यापीठाच्या साईटवरून सिलॅबसची पीडीएफ काढा, झेरॉक्स करा, वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत मागा. लायब्ररीत बुक बँक म्हणून पण असते, सेमभरासाठी पुस्तकांचा संच मिळते, पण ज्यानं पहिल्या आठवड्यात मागितला त्याला. गाईड नंतर घ्या.

इंग्रजीची भीती बीएस्सीवाल्यांना जास्त. बीए-बीकॉमला मराठीतून लिहिता येते, पण केमिस्ट्रीचे सर फळ्यावर इंग्रजीतून लिहितात अन् बोलतात अर्धं वऱ्हाडी, त्याच्यात काही गैर नाही, समजते तर चांगलंच. घरी आल्यावर त्याच दिवशी अर्धा तास बसायचं, वर्गात लिहिलेलं पान उघडायचं, अन् प्रत्येक पॅरेग्राफच्या बाजूला मराठीत एक ओळ लिहायची की इथे काय चाललं आहे. जिथे ओळ लिहिता येत नाही तिथे पेन्सिलने गोल करा अन् उद्या तो गोल घेऊन सरांना गाठा. "सर काहीच समजलं नाही" म्हटलं तर कोणताही सर वैतागते, "सर हे एवढं समजलं नाही" म्हटलं तर बसून सांगते. वर्ग संपल्यावर व्हरांड्यात विचारा, स्टाफरूममध्ये जायला पहिले जड जाते, मग जात नाही.

अप-डाऊन करणाऱ्यांनी टाईमटेबल अन् एसटीचं टाईमटेबल शेजारी ठेवून बघा. सकाळची गाडी चुकली की दोन तास गेले, अन् हजेरीची ७५ टक्क्यांची अट आहे. नेहमी उशीर होणार असेल तर पहिला तास ज्यांचा आहे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा, गाडी कोणती ते पण सांगा. पोरींनो, बारावीपर्यंत पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेतला, आता तो नाही. तिकीट अर्धं लागते म्हणून काही जणी पासच काढत नाहीत, पण विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरा लागते, तोच स्वस्त पडते.

अन् घरच्यांना आधीच सांगून ठेवा की कॉलेजात दिवसभर सलग तास नसतात. दहा ते पाचची शाळा पाहिलेल्या मायबापाला वाटते पोरगं तास बुडवून चौकात बसलं आहे, पोरगी असली तर अजूनच चौकशी. "आज दोनच तास होते आई" हे रोज सांगण्यापेक्षा टाईमटेबलचा कागद घरी भिंतीला लावा. मधातल्या रिकाम्या वेळेत कॅन्टीनला बसा, नाही कोण म्हणते, पण एखादा तास लायब्ररीत काढला तर रात्री लाईन गेली तरी चालते.

अमरावती-अकोल्याला रूम करून राहणार असाल तर खोली बघायच्या आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकासच्या वसतिगृहाचा अर्ज टाका. नंबर नाही लागला तर एससीच्या पोरांसाठी स्वाधार अन् एसटीच्या पोरांसाठी स्वयम् योजना आहे, खर्चाचे पैसे खात्यात येतात, उशिरा येतात पण येतात. रूम पार्टनर शक्यतो आपल्या गावचाच घ्या असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. चारही गावचेच असले की रात्री गावच्याच गोठी चालतात अन् शनिवारी चौघंही गाडीत बसतात. एक तरी बाहेरचा असू द्या. मेसचे पैसे महिन्याचे द्या, तीन महिन्यांचे एकदम देऊ नका.

"मले-तुले" बोलता म्हणून कोणी हसलं तर हसू द्या, हसणाऱ्याची माय पण घरी तेच बोलते. रॅगिंग मात्र वेगळी गोष्ट आहे, अ‍ॅडमिशनच्या वेळी तुमच्याकडून अन् पालकांकडून हमीपत्र घेतात ते उगाच नाही, महाराष्ट्रात १९९९ पासून त्याच्यासाठी कायदा आहे. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घ्या. वर्षाला १२० तास काम अन् एक सात दिवसांचं शिबिर असते दत्तक गावात. खेड्यावरचे पोरं म्हणतात आम्ही काय गाव पाहिलं नाही का, पण शिबिरात रोज रात्री माईक हातात येते, अन् माईक धरायची भीती तिथे जाते, ती वर्गात बसून जात नाही.

पहिल्या वर्षापासूनच पोलीस भरतीच्या ग्राउंडवर पळणारे लय आहेत आमच्याकडे. पळा, तब्येत चांगली राहते. पण डिग्रीचे पेपर राहवून पळू नका, भरतीला बारावी चालते पण एमपीएससीला अन् तलाठी भरतीला डिग्री लागते, अन् बॅकलॉग घेऊन फिरणाऱ्याच्या हातात ती डिग्रीच येत नाही.

आता सगळ्यात अवघड महिना ऑक्टोबर. सोयाबीन काढायला आलेलं, घरी मजूर मिळत नाही, अन् इकडे इंटरनल टेस्ट, असाइनमेंट, मग लगेच दिवाळी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी अन् हिवाळी परीक्षा एकामागोमाग. घरी काम करावंच लागते, ते मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू, माझं पण शेत आहे. एवढं करा की असाइनमेंट सप्टेंबरातच लिहून सरांकडे देऊन टाका अन् दिल्याची नोंद करून घ्या, इंटरनलचे मार्क गेले तर ते परत मिळवायला लय त्रास आहे, लेखी पेपर तरी परत देता येते. विषय राहिला तर घाबरून कॉलेज सोडू नका, एटीकेटी असते, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येते, अन् निकाल लागल्यावर रिव्हॅल्युएशनची (पेपर परत तपासून घ्यायची) मुदत फार थोडी असते तर निकाल त्याच दिवशी बघा.

परीक्षेचा फॉर्म नियमित तारखेतच भरा, नंतर लेट फी लागते अन् ती वाढत जाते. भरताना प्रत्येक विषयाचा कोड टाईमटेबलशी जुळवा, मायनर अन् ओपन इलेक्टिव्हचा तर दोनदा, गडबड तिथेच होते. भरलेल्या फॉर्मची प्रिंट अन् पैशाची पावती त्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये टाका. हॉलतिकिटावर भलताच विषय छापून आला तर तीच प्रिंट घेऊन खिडकीवर जाता येते.