एमआयडीसी येईल तेव्हा येईल, आधी चालू धंद्यांकडे बघा

निवडणूक आली की तालुक्यात एमआयडीसीचं आश्वासन येतंच. फलक लागतो, प्लॉट पडतात, पुढे त्यात बाभळी वाढतात. तोवर स्टँडमागचा फॅब्रिकेशनवाला चार पोरांना रोजगार देत असतो आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य असा, तरुण मंडळात असा किंवा नुसतं गिऱ्हाईक, सुरुवात त्याच्यापासून करा.

१. वही घेऊन फिरा. दोन रविवार पुरतात. पाटी लावलेल्या दुकानांवर थांबू नका. घरातलं पापड-लोणचं, माडीवरची शिलाई, परसातली भट्टी हेही लिहा. रकाने पाचच: काय बनवतात, माणसं किती, कच्चा माल कुठून, माल जातो कुठे, पुढे चालवणार कोण. शेवटचा रकाना बहुधा कोराच राहतो. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जातं, पण सतारीचा भोपळा कोरायला बसणारा पोरगा मानांकन आणून देत नाही.

२. प्रश्न नीट विचारा. “कोणती योजना हवी?” म्हणालात की सगळे अनुदानच सांगतील. त्यापेक्षा विचारा, “गेल्या वर्षी कोणती ऑर्डर सोडावी लागली? का?” मग खरं बाहेर येतं: दुपारी लाइट जाते, वेल्डर टिकत नाही आणि सगळ्यात जास्त वेळा, पैसे अडकलेत.

३. अडकलेले पैसे सोडवा. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. नफ्यात असलेला धंदाही उधारीपायी बसतो. आधी ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, करून द्या. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत, मालकाचा आधार क्रमांक लागतो. एजंटला पैसे देऊ नका.

नोंदणी कशासाठी? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि करार काहीही म्हणो, ती मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे बड्या कंपनीचा अकाउंटंटही हल्ली उद्यम क्रमांक विचारतो.

तीन गोष्टी सांभाळा. नोंदणी माल देण्याआधीची हवी, मागाहून केली तर वाद उभा राहतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल पोचल्याची सही घ्या; सहीचं चलन नसेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही. आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा फायदा नाही, किराणा दुकानदाराला खोटी आशा लावू नका. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, ती सुविधा परिषदेपुढे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळापुढे जाते. पण ती शेवटची पायरी. आधी फोन, मग कायद्याचं कलम लिहिलेलं साधं पत्र. गिऱ्हाईक तोडायचं नाही, पैसे आणायचेत.

४. आपला खर्च वळवा. शाळेचे गणवेश, गणपतीचा मांडव, लग्नपत्रिका, वाचनालयाची बाकं. दयेपोटी वाईट माल मात्र घेऊ नका. काज उसवतं तर तोंडावर सांगा, पुढच्या खेपेला नीट करून घ्या. आणि एक जुनी खोड सोडा: ऑनलाइन आधी पैसे भरायचे आणि गावातल्या शिंप्याला “पुढच्या महिन्यात बघू” म्हणायचं.

५. एकाच धंद्यातले एकत्र बसवा. दहा जणांना लागणारं महागडं यंत्र एकट्याला झेपत नाही. सामायिक सुविधा केंद्रासाठी समूह विकास योजना आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. घाई मात्र नको. आधी कच्चा माल एकत्र आणून बघा. त्यातच भांडणं झाली तर यंत्र धूळ खात पडेल.

सहा महिन्यांनी तीच वही घेऊन त्याच दारांत जा. ‘माणसं किती’ हा रकाना पुन्हा भरा. जिथे आकडा घटला असेल, तिथे चहाला थांबा आणि सोडलेल्या ऑर्डरचा तो प्रश्न पुन्हा विचारा.