जागेच्या व्यवहारात पाठपुरावा सोडता? या चुका टाळा

पुण्यात जागा घ्यायला निघालेला नवशिका दोन रविवार फिरतो, एक भाव सांगतो आणि मालक 'नाही' म्हणाला की विषय बंद! अहो, रिसेलच्या फ्लॅटचा मालक पहिल्याच फोनला 'हो' कशाला म्हणेल? कधी बहिणीची सही अडलेली असते, कधी मुलाचा परदेशातून होकार यायचा असतो. मालक नेमका कशापायी थांबलाय तेवढं मी वहीत टिपून ठेवतो आणि पुढचा फोन त्यावरच करतो: "काका, ताईंशी बोलणं झालं का?" नुसतं "मग, काय ठरलं?" विचारणाऱ्याला कोणी दाद देत नाही. रोज फोन करून डोकं खाणाऱ्यालाही नाही.

पण खरा वैताग खरेदीखतानंतरचा. दस्त नोंदला, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) हातात आला, पेढे वाटले, झालं! ओळखीतल्या एका जोडप्याने हवेली तालुक्यात एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. एजंट म्हणाला, "फेरफार आता ऑनलाइन आपोआप होतो." फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर नव्या मालकाचं नाव लागणं. एजंटचं म्हणणं अर्धंच खरं. दस्ताची माहिती तलाठ्याकडे (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी) आपोआप जाते. पण नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर तरी करतात, नाहीतर रद्द. यांची रद्द झाली, जोडकागद अपुरे म्हणून. यांना पत्ताच नाही! पुढे मूळ मालक वारले, सातबाऱ्यावर त्यांच्या वारसांची नावं लागली. प्लॉट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने ताजा सातबारा पुढे सरकवला. मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, विलंब माफीचा अर्ज आणि तारखांवर तारखा.

म्हणून माझा शिरस्ता असा: हरकतीची मुदत संपली की इंडेक्स टूची प्रत घेऊन तलाठ्याच्या चावडीत जायचं, फेरफार क्रमांक विचारायचा आणि नाव लागलेला सातबारा हातात पडेपर्यंत एजंटची शेवटची दलाली द्यायची नाही. एजंट तोंड वाकडं करतात. करू देत.

बाकीचं थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बिल्डरचं डिमांड लेटर (पुढच्या हप्त्याची मागणी) आलं की पैसे भरण्याआधी महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) संकेतस्थळावरची तिमाही माहिती उघडा आणि साइटवर जाऊन किती स्लॅब पडलेत ते मोजा. रिसेलच्या फ्लॅटला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकत कर आणि लाइट बिल, तिन्हीकडे नाव बदलून घ्या. कर्ज फिटल्यावर मूळ कागद बँकेतच ठेवून येणारे महाभागही आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलायचं!