‘क्रेप’ हा शब्द कसा उलगडावा

साडीचे दुकान, औषधांचे दुकान आणि उपाहारगृह अशा तिन्ही ठिकाणी ‘क्रेप’ हा एकच शब्द भेटला, तर प्रथम त्याचे मूळ पाहावे. लॅटिनमधील ‘क्रिस्पुस’ म्हणजे कुरळा. त्यातून जुन्या फ्रेंचमधील ‘क्रेस्प’ आणि पुढे ‘क्रेप’ झाला. मग लिंग तपासावे, कारण फ्रेंचमध्ये कापडाचा क्रेप पुल्लिंगी आणि खाण्याची क्रेप स्त्रीलिंगी आहे.

कापड ओळखताना सुताकडे लक्ष द्यावे: अतिशय पीळ दिलेले धागे विणून कापड ओले केले की ते आकसतात आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उमटतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये असेच काळे, निस्तेज रेशीम विधवा दुखवट्यात वापरत असत, म्हणून त्या काळच्या लिखाणात या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘सुतकाचे कापड’ असा घ्यावा लागतो. क्रेप कागद आणि मुरगळलेल्या पायाला बांधायचे क्रेप बँडेज हे त्याच कुळातले.

खाण्याची क्रेप फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताची, गव्हाच्या पिठाची आणि घावनासारखी पातळ असते. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाची खारी असेल, तर तिला तेथे बहुधा ‘गालेत’ म्हणतात. इंग्रजीतील ‘क्रिस्प’ याच मुळाचा असला, तरी क्रेप कुरकुरीत असेल असे मात्र समजू नये. ती सहसा मऊच असते.