दिव्यांग मुलाची शाळेची फाईल: या चुका टाळा

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव पाठवायची वेळ येते आणि शाळा म्हणते, "आमच्याकडे तर काहीच नाही." घरी मात्र कागदांनी पिशवी फुगलेली असते. कागद असतात, ते शाळेत पोचल्याचा पुरावा नसतो.

तोंडी सांगून मोकळं होणं

"बाईंना सांगितलं होतं" हे बाईंची बदली होईपर्यंतच चालतं. साधी विनंतीही लेखी करा, दोन प्रतींत. एक कार्यालयात द्या. दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. यातला आवक क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावरून नोंदवहीत अर्ज शोधता येतो. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा. मूळ प्रमाणपत्र शाळेत ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत आणा.

खासगी अहवालावर विसंबणं

मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मुलाला कसं शिकवायचं हे सांगतो. सवलतीसाठी सक्षम सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. 1 जून 2021 पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र यूडीआयडी (दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवरूनच दिलं जातं. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षरश: जुळवून पाहा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज अडकतो. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दाखला हातात पडल्यावर ते काम फार जड जातं.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. अध्ययन अक्षमतेबाबत (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) 2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र आणि पुढे 14 व 18व्या वर्षी फेरतपासणी असं ठरवलं होतं. म्हणजे चौथीतलं प्रमाणपत्र दहावीला चालेल हे गृहीत धरू नका. नववीतच तपासा. राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे मागायच्या असतात, आणि फेरतपासणीसाठी रुग्णालयातली तारीख आठवड्यात मिळेलच असं नाही.

गोलमोल शैक्षणिक योजनेवर सही करणं

वैयक्तिक शैक्षणिक योजनेत, म्हणजे मुलाला वर्षभरात काय आणि कसं शिकवायचं याच्या लेखी आराखड्यात, "वाचन सुधारणे" असं लिहिलं असेल तर सही करू नका. ते सुधारलं की नाही, हे वर्षअखेर कोण ठरवणार? त्याऐवजी असं लिहून मागा: "सप्टेंबरअखेर जोडाक्षर नसलेल्या 10 शब्दांपैकी 7 शब्द मदतीशिवाय वाचेल, विशेष शिक्षक आठवड्यातून दोन तासिका घेतील." सही केलेली प्रत त्याच दिवशी घ्या. तासिका झाल्या की नाही, ते घरच्या कॅलेंडरवर टिपत राहा.

फोटो, लॅमिनेशन आणि शाळाबदल

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं प्रमाणपत्र धूसर होतं आणि शिक्का वाचता येत नाही. स्कॅन करून पीडीएफ पाठवा, 'डॉक्युमेंट' म्हणून. मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवा.

शाळा बदलताना फक्त दाखल्यावर थांबू नका. शैक्षणिक योजना आणि प्रगतीच्या नोंदींच्या प्रती लेखी मागून घ्या. नव्या शाळेने यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, दिव्यांग प्रकाराची नोंद केली का, तेही पहिल्याच महिन्यात विचारा, अर्थातच लेखी.